टोक कच्चं

"ऐकलंस का गं?"

आक्कांची ही हाक आली की मी आधी गॅस बारीक करते. 'ऐकलंस का' म्हणजे अर्धा तास. 'ऐकलंस का गं' म्हणजे पाऊण. 'ऐकलंस का गं बाई' असलं तर कुकर उतरवूनच ठेवावा.

आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये पूर्वी पऱ्हाट्यांचं कुंपण होतं. कापसाचं रान मोकळं झालं की दर साली नवं उभं राहायचं आणि पावसाळ्यात त्यातलं अर्धं चुलीत जायचं. मग आक्कांच्या थोरल्यानं खांब रोवून बारा नंबरची काटेरी तार ओढली. आता बोलायचं कसं? म्हणून शेवग्याच्या बुंध्याशी वरच्या तारेवर खताचं रिकामं पोतं चौपदरी घडी करून बांधलंय. त्यावर कोपरं टेकतात. आमच्या सिरसाळ्यातली बातमी आधी या पोत्यावर येते, मग परळी-बीड रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर जाते.

"परवाच्या लग्नातली गोष्ट," आक्का म्हणाल्या. "करवलीच्या गळ्यात मोत्याची माळ. तीनपदरी. चांगली दिसायली व्हती, खोटं कशाला बोलू. मंगलाष्टकं झाली, शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या. आन् त्या अक्षतांतच टप टप टप टप. मला वाटलं कुणी जास्तीच्या टाकायलंय. खाली बघते तर मोती!"

"अगं बाई!"

"पोरं वेचायला धावली. एक मोती बँडवाल्याच्या बुटाखाली गेला. पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं तर साबुदाणा समजून तोंडात टाकला. आन् करवली रडायली. तिची माय म्हणली, कुण्या कारागिरानं ओवली गं ही माळ?"

इथं आक्का थांबल्या. पोत्यावरची कोपरं जरा सावरली. त्यांच्या तोंडाकडं बघून माझ्या लक्षात आलं, की त्यांना सगळं ठाऊक आहे.

ती माळ मी ओवली होती.

माझा मूळ धंदा फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचा. दोन वर्षांपूर्वी बचत गटाच्या बायांबरोबर दागिन्यांचं प्रशिक्षण घेतलं. त्यात बहुतेक सगळे दिवस कोणत्या मण्याशेजारी कोणता मणी खुलतो यातच गेले. हूक कसा बसवायचा, हे शेवटच्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, सगळ्यांना जांभया येत असताना दाखवलं. प्रमाणपत्र मात्र रंगीत मिळालं. ते भिंतीवर आहे.

"दाखवू का?" म्हणत आक्कांनी कमरेची पिशवी सोडली. सुपारी, अडकित्ता, एसटीचं जुनं तिकीट, आणि त्याखालून कागदाची पुडी. पुडीत हूक. चिमटीएवढा, सोनेरी मुलाम्याचा, खेकड्याच्या नांगीसारखा. त्याच्या कडीला एक चपटा झालेला पितळी मणी अजून चिकटून होता. तार नव्हती. तार त्यातून निसटून गेली होती.

"मी म्हणलं, आपल्या शेजारणीचं काम हाय, पुरावा तरी घेऊन यावा."

मी चष्मा लावून पुरावा पाहिला. आक्का पोलिसात असत्या तर तालुक्यातल्या बऱ्याच केसा सुटल्या असत्या.

आता तो चपटा मणी काय असतो, ते सांगते. माळेसाठी हल्ली जी तार घेतात तिला बाजारात गिअर वायर म्हणतात. सायकलच्या ब्रेकची वायर सोलून बघा, आत बारीक तारांचा पीळ दिसतो. तसलाच पीळ, फक्त केसासारख्या पोलादी तारांचा, आणि वरून प्लास्टिकचा पातळ लेप. ही तार लवते, सहजी तुटत नाही, पण तिला गाठ मारता येत नाही. मारली तरी सुटते. म्हणून टोकाला मऊ धातूचा एक पोकळ मणी घालायचा, तार हुकाच्या कडीतून फिरवून त्याच मण्यातून मागं आणायची, आणि पक्कडीनं मणी दाबून टाकायचा. शहरात त्याला क्रिम्प म्हणतात. मी दाबमणी म्हणते. सगळी माळ त्या मोहरीएवढ्या मण्यावर लटकलेली असते.

"मंग दाबला नव्हतास का?"

"दाबला होता की. बघा ना, भाकरीसारखा चपटा झालाय."

"मंग?"

मंग काय. दाबमण्याचं भोक मोठं आणि तार बारीक. जवळची पुडी संपली होती, म्हणून मोठ्यांतला घेतला. आत तारेचे दोन पदर शेजारी-शेजारी हवेत, ते एकावर एक चढले होते. आणि खरं पाप पुढंच आहे. दाबून झाल्यावर उरलेलं शेपूट बोटभर ठेवायचं आणि पुढच्या दोन-तीन मोत्यांतून परत ओवून घ्यायचं. मोत्यांची भोकं बारीक, रात्रीचे अकरा वाजलेले, दुसऱ्या दिवशी सात नग द्यायचे. मी शेपूट तिथंच कचकन कापलं. वर टोक गळ्याला टोचायला नको म्हणून अगदी मण्यालगत कापलं. दिसायला किती सुबक! पहिला ताण आला आणि तार सरकली.

हे सगळं मी आक्कांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "टोक कच्चं राहिलं."

"टोक कच्चं," आक्कांनी मान हलवली. "माळ कधी मधी तुटती का? टोकालाच जाती."

मग त्यांना पटवेकरी आठवला. तो आठवायचाच. आक्कांच्या लहानपणी परळीच्या वैजनाथाच्या शिवरात्रीच्या यात्रेत पटवेकरी बसायचा. बायका रांगेनं गळ्यातल्या पोती गाठवून घ्यायच्या. आक्का सांगत होत्या आणि मला तो माणूस दिसत होता: एका पायाची मांडी घातलेली, दुसरा पाय पुढं पसरलेला, पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवलेला. दोन्ही हात ओवायला मोकळे, आणि ताण धरायला अंगठा. दोऱ्याला मेण लावलेलं. काळे मणी, मध्ये डोरलं, दोन्ही अंगांना सारखे मणी, आणि शेवटी पीळ देत देत असा गोंडा, की गाठ कुठं आहे ते शोधून सापडायची नाही.

"तो गोंडा म्हणजे शोभा न्हवं," आक्का म्हणाल्या. "त्याच्या पोटात गाठ असती. घाम लागू नये, केस अडकू नये, म्हणून वरून झाकायचं."

हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. ठुशीला मागं जी दोरी आणि सरकती गाठ असते, तीही याच अकलेची. ठुशी गळ्याबरोबर बसली पाहिजे, आणि गळा काही सोनाराच्या मापाचा नसतो. मग हूकच नको. दोरी खाली ओढली की घट्ट, वर सरकवली की सैल. सोन्याचा डाग आजीचा, गळा नातीचा, आणि जुळवून घेणारी दोन रुपयांची दोरी.

"पण रेशीमसुद्धा झिजायचं की," मी म्हटलं.

"झिजायचं. म्हणून तर दर दोन-तीन सालाला परत गाठवायचं. आता कोण गाठवतंय? तुटंपतुर घालायचं, आन् तुटली की..."

"आक्का!"

"वाढली, वाढली," त्यांनी जीभ चावली. मंगळसूत्र तुटलं असं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. भाषेनं अशुभ टाळलं, पण मणी घरभर व्हायचे ते होतातच. आणि पोत गाठवायला दिली की तोवर गळा रिकामा ठेवायचा नाही. आक्कांच्या सासूबाई दोऱ्यात हळकुंड बांधून द्यायच्या. आक्का म्हणतात, सोनं गेलं तरी चालेल पण हळकुंडाची गाठ सुटायची नाही, अशी ती मारलेली असायची.

एवढ्यात वरच्या आळीतली एक जण डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. ती थांबली. करवलीची बातमी तिलाही सांगून झाली. तिच्यापर्यंत आधीच पोचलेल्या गोष्टीत मोती बरेच वाढले होते आणि म्हातारा गिळताना ठसकला होता. ती गेल्यावर आक्का म्हणाल्या, "लोक किती वाढवून सांगत्यात बघ."

आक्का वीस-बावीस वर्षं ऊसतोडीला गेल्या आहेत. आमच्या भागातल्या किती घरांना दिवाळीनंतर कुलूप लागतं, ते निराळं सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, आणि मग खाली पश्चिमेकडं नाहीतर कर्नाटकात, कारखाना नेईल तिकडं. आक्कांनी पोत्यावरून हात उचलून गळ्याशी नेला.

"फडात पोत घालून गेले की पाचट अडकायचं. मोळी डोक्यावर घेतली, गाडीला चढवली, की हिसका बसायचाच. एकदा मणी फडात सांडले. काळे मणी आन् काळी माती! नवरा म्हणला, चल, गाडी भरायचीय. तव्हापासून डोरलं काळ्या दोऱ्यात. दोरा दुहेरी. आन् दर मण्याच्या पुढं गाठ. एक गेला तर एकच जाईल."

मी तिथंच थांबवलं त्यांना. "दर मण्यापुढं गाठ?"

"मंग?"

भारीतले खरे मोती ओवणारे कारागीर अगदी हेच करतात. रेशमाच्या दोऱ्यात प्रत्येक मोत्याच्या पुढं एकेक गाठ. मोती मोत्याला घासत नाही, आणि दोरा गेला तर एकच मोती घरंगळतो, बाकीचे जागेवर राहतात. आक्का ही गोष्ट कुणाकडून शिकल्या नाहीत, त्यांना ती फडानं शिकवली. आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवरच्या जुन्या बंजारा आज्यांचे कपडे पाहिलेत? कवड्या, आरसे, नाणी, काचमणी, सगळं एकेक टाचलेलं. एकाच दोऱ्याच्या भरवशावर सगळं सोडायचं नाही.

तंगूस मात्र आक्कांना मान्य नाही. मलाही नाही. मासे धरायचा तो पारदर्शक दोरा. स्वस्त, सुईशिवाय ओवता येतो, म्हणून गल्लीतल्या पोरी तोच घेतात. साधी गाठ त्यावर टिकत नाही, कारण तो गुळगुळीत असतो आणि त्याला सरळ व्हायची खोड असते. गाठ मारताना दोन-तीन वेढे जास्त द्यावे, ओली करून ओढावी, आणि उरलेल्या टोकाला उदबत्ती लावून त्याचा बारीक गोळा करावा, म्हणजे ते टोक गाठीतून निसटत नाही. उदबत्तीच. आगपेटीची काडी नको, निम्मी माळ वितळते. हे मी अनुभवानं सांगते, आणि कुणाची माळ वितळली ते सांगत नाही.

"पण तू ते तारेचे झुमके करतीस, ते नाही गं सुटत," आक्का म्हणाल्या. पहिल्यांदाच कौतुक.

ते सुटत नाहीत याचं श्रेय गावातल्या मोटारवाल्याला. आमच्याकडं विहिरीवरच्या मोटारी जळतात आणि त्यांचं वायडिंग करून देणारे प्रत्येक मोठ्या गावात असतात. त्यांच्याकडं तांब्याची तार असते, तपकिरी लाखेसारख्या लेपाची. तो लेप असल्यानं तांबं कानाला हिरवं करत नाही. उरलेले तुकडे ते किलोवर देतात. नंबर जितका मोठा तितकी तार बारीक, हे मला आधी उलटं वाटायचं. वीस नंबरची तार साधारण ०.९ मिलिमीटर जाड, सव्वीसची तिच्या निम्मी. झुमक्याचा आकडा विसाचा, मणी बांधायला सव्वीस.

तारेचं टोक पक्कं करायची रीत आक्कांना दाखवायला मला साहित्य शोधावं लागलं नाही. कुंपणच होतं. त्यांच्या लेकानं तार खांबाशी आणून फास केला आणि उरलेलं टोक तारेच्याच मानेभोवती तीन वेढे गुंडाळलं आहे. चार पावसाळे गेले, फास उघडलेला नाही. झुमक्यातही तेच. टोक नुसतं वाकवून कडी केली की ती एक दिवस उघडते. मानेभोवती दोन-तीन वेढे दिले की उघडायला जागाच राहत नाही. फक्त वेढे एकदाच द्यायचे. चुकले म्हणून उलगडून पुन्हा गुंडाळायचे नाहीत. पक्कड नसली की आपण तार कशी तोडतो? एकाच जागी पुढं-मागं, पुढं-मागं. दर वाकवण्याला तार ताठरते आणि मग कट्‌कन तुटते. सुधारायला गेलेल्या कडीचं हेच होतं.

आणि कडी उघडायची तर फाकवायची नाही. सगळ्या बाया फाकवतात. गोल कडीचा आकार एकदा गेला की परत येत नाही, फट राहते, आणि फटीतून हूक केव्हा बाहेर गेला ते कळत नाही. दोन पकडी घ्याव्या. एक टोक आपल्याकडं, एक समोर, एवढंच. मिटवतानाही तसंच, थोडं पुढं नेऊन परत आणावं, म्हणजे टोकं एकमेकांना घासून बसतात. टिक् असा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर काम झालेलं नाही.

आक्कांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं तुला येतं. मंग करवलीला काय झालं व्हतं?"

याला उत्तर नव्हतं. म्हणून मी तेरचा विषय काढला.

गोरोबाकाकांच्या तेरला आक्का दर साली जातात. दोन वर्षांपूर्वी मीही गेले होते. दर्शन झाल्यावर लामतुरे नावाच्या गृहस्थांनी गोळा केलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, तिथं मी तासभर काढला आणि आक्का बाहेर उसाचा रस पीत बसल्या. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या, ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या टिपणात त्याचं नाव आहे, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथल्या पांढरीच्या टेकाडांत मणी सापडतात. अकीक, गोमेद, काच, शंख. भोकं अजून स्वच्छ. काहींत माझी सुई आरपार जाईल. ते बघताना मला एकच वाटत होतं, की हे ओवणारी कुणीतरी होती, तिनं टोकाला काहीतरी गाठ मारली असणार, आणि ती कशी होती ते कधीच कळायचं नाही. मणी दोन हजार वर्षं राहिले. दोरा कुठला राहायला.

"मला रसाचे वीस रुपये लागले, ते तू दिले नाहीस," आक्का म्हणाल्या.

गिऱ्हाईकालाही मणी दिसतात, दोरा नाही. मोत्यांवर घासाघीस होत नाही, मोती दिसतात. ओवणावळ म्हटली की तोंड वाकडं. "एवढंसं हूक लावायचं पन्नास रुपये?" सोन्याचंही बघा. हॉलमार्कच्या दागिन्यावर २०२३ च्या एप्रिलपासून सहा अक्षर-आकड्यांचा नंबर लागतो, भिंगातून बघून घ्या म्हणतात. सोनं किती कसाचं ते हॉलमार्कवरून कळतं. फासा कसा बसवलाय, झाळ नीट घेतलीय का, हे त्या नंबरात नसतं. ते ओढून बघावं लागतं. आणि दुकानात ओढून बघितलं की दुकानदार असा बघतो, जणू आपण त्याची मिशी ओढली.

माझंही गिऱ्हाइकासारखंच झालं होतं. मोती निवडायला दोन संध्याकाळी, टोकाला दोन मिनिटं.

अंधार पडायला लागला. आक्कांच्या घरातून कुणीतरी भाकरीला हाक मारली. त्या कोपरं उचलून निघाल्या आणि परत वळल्या. "करवलीच्या मायला काय सांगू?"

"मोती किती सापडले?"

"एकशे बारा. मीच मोजले. पदरात बांधून आणलेत." आणि खरंच, पदराच्या गाठीत मोती होते. पाऊण तास गाठीत मोती घेऊन त्या माझी गंमत बघत होत्या.

मी रात्री बसले. दाबमणी तारेच्या मापाचा घेतला. दोन पदर आत शेजारी-शेजारी आले का ते दिव्यासमोर धरून बघितलं. शेपटं तीन-तीन मोत्यांतून परत ओवली. दोन मोत्यांची भोकं सुईनं साफ करावी लागली. पदर ताठ ओढले नाहीत, टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढी जागा ढिली सोडली, नाहीतर माळ गळ्यावर वळत नाही आणि सगळा ताण पुन्हा टोकावरच येतो. तिसऱ्या पदराला मोती कमी पडले, म्हणून तो थोडा आखूड केला. म्हाताऱ्यानं गिळलेला मोती मागायला कोण जाणार?

हूक लावून माळ कुंपणाच्या खांबावरच्या खिळ्याला अडकवली आणि खाली पाण्यानं भरलेला तांब्या दोरीनं टांगला. हे प्रशिक्षणात नव्हतं. आक्का अंगणातून ओरडल्या, "कुणाला फाशी द्यायलीस गं?"

सकाळी तांब्यात पाणी निम्मं होतं. आक्कांची शेळी तारेखालून तोंड घालून पिऊन गेली होती, आणि जाताना तिनं तांब्याला शिंगही मारलं असावं, कारण तो खांबाभोवती फिरलेला होता. माळ तिथंच होती. आक्का ती घेऊन गेल्या. ओवणावळ मी मागितली नाही.